रेणुकाच्या गाडीची टाकी

जानेफळहून मेहकरकडं निघालं की गावाची शेवटची घरं संपतात, तिथं डाव्या हाताला प्रसेनजित अवसरमोलचं पत्र्याचं दुकान होतं. दुकानाला पाटी नव्हती. दारात तारेवर उलट्या टांगलेल्या मोटरसायकलच्या टाक्या लांबूनच दिसायच्या. कोणी नवा माणूस पत्ता विचारायला लागला की लोक सांगायचे, "सरळ जा, टाक्या लटकलेल्या दिसतीन, तेच त्याचं दुकान."

गाड्या दुरुस्त करणारे गावात आणखीही होते. प्रसेनजित फक्त टाक्या आतून सील करायचा. जुन्या टाकीला आतून गंज चढतो, सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात आणि पेट्रोल पाझरायला लागतं. बाहेरून डाग दिला तरी थोड्या दिवसांत शेजारी नवं भोक तयार. प्रसेनजित टाकी उतरवून घ्यायचा, आत खडी आणि जुने नट टाकून खुळखुळ हलवायचा, ॲसिडनं धुवायचा, उन्हात कडक वाळवायचा. मग दोन डब्यांतलं औषध कालवून आत ओतायचा. त्या चिकट पिवळ्या पदार्थाला तो औषधच म्हणायचा. ओतून झालं की टाकी मांडीवर घेऊन सगळ्या अंगांनी सावकाश फिरवत बसायचा, म्हणजे औषध प्रत्येक कोपऱ्यात पोचून सारखं बसावं. या कामात घाई चालत नाही आणि मधे उठताही येत नाही. त्याचा स्वभावही तसाच होता. कमी बोलायचा, एकदा बसला की हलायचा नाही.

हे काम तो खामगावला शिकला. तिथं एका कारखान्यात अशाच औषधापासून फायबरचे दरवाजे आणि कूलरच्या बॉड्या बनत. वडील गुलाबराव वारले तेव्हा आई तानाबाई घरी एकटी पडली, म्हणून तो गावात परत आला. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायला लागल्यापासून त्याच्याकडं गर्दी वाढली. ते पाणी ओढतं, लोखंडाची टाकी लवकर गंजते आणि फायबरची तर आतून मऊ पडते. लोणार, डोणगाव, पार चिखलीकडून लोक टाक्या पोत्यात घालून त्याच्याकडं आणायचे.

कारखान्यातली आणि नंतर दुकानातली ती सगळी वर्षं त्यानं तोंडाला फडकंसुद्धा बांधलं नाही. थिनर, ॲसिड, औषधातला तो नाकात झोंबणारा दुसरा डबा, सगळं बंद पत्र्याच्या खोलीत. वास केव्हा जायला लागला ते त्याला स्वतःला कळलं नाही. कोणी विचारलं तर पुढं तो सांगायचा की कोरोनात गेला. पण त्याच्या बायकोला, मंजुश्रीला, खरं माहीत होतं.

त्याला वास येत नाही हे तिला असं कळलं. सोयाबीनच्या सोंगणीहून ती दुपारी घरी आली. ओसरीवर पाय ठेवताच तिच्या नाकात गॅस भरला. आत प्रसेनजित पलंगावर बसलेला, तोंडात बिडी, हातात काडेपेटी. तिनं धावत जाऊन त्याच्या हातावर असा फटका मारला की काड्या घरभर पसरल्या.

"काय झालं वं तुले? येड लागलं का?" तो ओरडला.

"वास नाही येऊन राह्यला तुमाले?"

"कायचा वास?"

तिनं खिडक्या उघडल्या, सिलेंडर बंद केला आणि आतल्या खोलीत झोपलेल्या सासूला उठवून अंगणात नेऊन बसवलं. मग परत आत आली, चुलीजवळच्या डब्यातून हिंगाची पुडी काढली आणि त्याच्या नाकाखाली धरली. त्यानं दोनदा हुंगलं आणि मान हलवली.

त्या दिवसापासून मंजुश्री त्याच्या दुकानाचं नाक झाली. टाकी सील करून वाळली की तिच्यात थोडं पेट्रोल घालायचं, झाकण घट्ट लावायचं, बाहेरून टाकी साबणानं धुऊन पुसायची आणि रात्रभर पत्र्याच्या पेटीत ठेवायची. ती पेटी मंजुश्रीच्या लग्नातली होती. सकाळी पेटीचं झाकण ती उघडायची, वाकायची, आणि एक श्वास घ्यायची. "नाही" म्हणाली की टाकी गिऱ्हाईकाला जायची. "येते" म्हणाली की प्रसेनजित काही न विचारता टाकी परत खरवडायला घ्यायचा. तिचा अंदाज चुकला असं कधी झालं नाही. कधीकधी तिचं डोकं दुपारपर्यंत ठणकायचं, पण तिनं ते काम सोडलं नाही. गिऱ्हाइकांना यातलं काही माहीत नव्हतं. वास न येणाऱ्या माणसाकडं पेट्रोलची टाकी कोण देईल, अशी त्याला भीती होती, आणि ती भीती काही खोटी नव्हती.

मग गजेंद्र आला.

गजेंद्र मलकापूरकडचा. त्याचा मौत का कुआँ होता. जत्रेजत्रेत फळ्यांची ती उंच गोल विहीर उभी करायची, वरच्या मचाणावर लोक उभे राहायचे आणि आत खाली मोटरसायकलवाला फिरत फिरत भिंतीवर चढायचा. जवळच्याच एका गावी पौषातली जत्रा भरणार होती आणि त्याचा डेरा तिथं पडला होता. तो पिकअपमध्ये टाकी घेऊन आला तेव्हा सोबत रेणुका होती. वय असेल बावीस-तेवीस. अंगात मर्दानी जाकीट, केस घट्ट बांधलेले, हाताच्या कोपरांवर जुन्या खरचटण्याचे काळे डाग. तिची आई याच कुव्याच्या दारात तिकिटं फाडायची. ती तिथंच वारली आणि पोरगी तिथंच गाडी शिकली.

गजेंद्रनं टाकी टेबलावर ठेवली. पांढरी, दुधी रंगाची, प्लास्टिकची. उजेडात धरली की आतली पेट्रोलची रेघ बाहेरून दिसावी अशी.

"फॉरेनच्या रेसच्या गाडीची आहे, मिस्त्री. मुंबईच्या भंगारातून आणली. लोखंडापेक्षा निम्म्यानं हलकी. भिंतीवर चढाले हलकी गाडी पायजे ना."

प्रसेनजितनं ती फिरवून पाहिली. बोल्ट बसतो त्या जागी टाकी फुगली होती आणि एक केसाएवढी चीर खालच्या बाजूला गेली होती. त्यानं नखानं आतला भाग घासला. नख घसरलं.

"गजेंद्रभाऊ, हे फायबर नाही. हे नुसतं प्लास्टिक आहे, पाण्याच्या ड्रमसारखं. याले औषध धरत नाही."

"तुम्ही धरवा ना. तुमचं नाव ऐकून आलो."

"लोखंडाची टाकी बसवा दुसरी."

"तिचे बोल्ट याच्यावर बसत नाहीत, चेसिस कापून बनवलेलं आहे. आन् दुसऱ्या गाडीचं इंजिन जाम झालं. परवा जत्रा सुरू. हीच एक गाडी आहे माह्याजवळ, आन् हीच एक पोरगी."

प्रसेनजितनं टाकी खाली ठेवली. नाही म्हणायचं त्याच्या मनात होतं, हे त्यानं पुढं अनेकदा सांगितलं. पण सील करणारा म्हणून आपलं नाव इतक्या लांब पोचलं, हेही त्याला सुखावून गेलं असणार. शेवटी तो म्हणाला, "पाहतो."

काम होईपर्यंत रेणुका दुकानामागच्या त्याच्या घराच्या ओसरीवर बसली. मंजुश्रीनं चहा दिला. तानाबाईनं तिला खालून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "भेव नाही लागत का वं तुले?"

"खाली असल्यावर लागते, आजी. वर गेल्यावर नाही लागत. वर गाडी फिरत असली की भिंतच तुमाले धरून ठेवते."

"आन् हात सोडते म्हणे तू?"

"सोडते. लोक नोटा धरतात ना वरून, त्या घ्यायले लागते." ती हसली. मग मंजुश्रीला म्हणाली, "ताई, भाकर आहे का शिळी? आन् ठेचा? डेऱ्यावर रोज खिचडीच असते."

मंजुश्रीनं तिला ताजी भाकर थापून दिली. रेणुकानं ठेचा लावून ती उभ्या उभ्याच खाल्ली आणि हात धुवून, न सांगता, ताट घासून ठेवलं. मंजुश्रीला ती त्या क्षणी आवडली.

प्रसेनजितनं टाकीत जाड वाळू आणि खडी घालून ती एरवीपेक्षा कितीतरी जास्त वेळ हलवली. आतून प्लास्टिक खरबरीत करायचं, म्हणजे औषधाला पकड मिळेल. चिरेच्या तोंडाशी त्यानं तार तापवून खाचा पाडल्या. पहिला थर दिला, वाळला. कोपऱ्यावर नख लावलं तर सालपट निघून हातात आलं, उन्हात भाजलेल्या अंगाची कातडी निघावी तसं. त्यानं ते काढलं, परत वाळू घातली, परत थर दिला. या वेळी नखानं निघालं नाही. संध्याकाळी टाकीत थोडं पेट्रोल घालून त्यानं ती पेटीत ठेवली.

सकाळी मंजुश्री पेटी उघडायला आली तेव्हा गजेंद्र आधीच दारात उभा होता. एरवी या कामाच्या वेळी कोणी गिऱ्हाईक नसायचं. पिकअपचं इंजिन चालूच होतं. रेणुका मागं फळ्यांवर बसलेली.

मंजुश्रीनं झाकण उघडलं, वाकली. श्वास घेतला. मग परत एकदा घेतला.

"येते," ती म्हणाली.

"काय येते?" गजेंद्रनं विचारलं.

"वास येते पेट्रोलचा. टाकी पाझरून राह्यली."

गजेंद्रला आधी कळलंच नाही. मग तो प्रसेनजितकडं बघून मोठ्यानं हसला. "मिस्त्री, तुमचं दुकान बायकोच्या नाकावर चालते का? तुमाले नाही येत वास?"

प्रसेनजितच्या तोंडावर रक्त चढलं. रस्त्यावरून जाणारे दोघेजण थांबून बघत होते. त्यानं टाकी पेटीतून काढली, चिरेवरून बोटं फिरवली, बोटं डोळ्यांसमोर धरली. कोरडी होती. सालपट नव्हतं, ओल नव्हती.

"कोरडी आहे," तो म्हणाला. "पुसायच्या चिंधीचा वास असन तो."

"चिंधी मी बाहेर फेकली होती काल," मंजुश्री म्हणाली. "मी सांगून राह्यली, येते वास. थोडा आहे, पण आहे."

"तू घरात जा."

लग्नाला इतकी वर्षं झाली होती, चारचौघांत तो तिच्याशी असं कधी बोलला नव्हता. मग तिनं पेटीचं झाकण लावलं आणि घरात गेली. जाताना पिकअपकडं पाहिलं. रेणुकानं तिला हात केला.

प्रसेनजितनं टाकी गजेंद्रच्या हातात दिली. "लावा. पण पूर्ण भरू नका, अर्धीच ठेवा," एवढंच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दिवसभर त्याचं कामात लक्ष लागलं नाही. दुपारी त्यानं मंजुश्रीला जत्रेला चलते का म्हणून विचारलं. ती निवडत असलेल्या तुरीतून मान वर न करता म्हणाली, "तुमी जा." तो एकटाच गेला.

ऊन कलतीला लागलं होतं. भोंगा ओरडत होता, जिलेबीच्या कढया, बांगड्यांची दुकानं, पाळणा, आणि सगळ्यांच्या मागं तो फळ्यांचा कुवा. खेळ सुरू व्हायची वेळ झालेली. तो शिडीनं वर मचाणावर चढला आणि कठड्याशी उभा राहिला. खाली तळाशी रेणुका गाडीवर बसून गाडी गरम करत होती. पांढरी टाकी उठून दिसत होती. तिनं वर पाहिलं, पण गर्दीत त्याला ओळखलं नसावं.

गाडी फिरायला लागली. आधी तळाच्या उतारावर, मग उभ्या भिंतीवर. फळ्या थडथड वाजायला लागल्या, मचाण पायाखाली हलायला लागलं. रेणुका फेऱ्या घेत वर वर येत चालली. लोकांनी हात लांब करून नोटा धरल्या.

त्याच्या शेजारी एक बाई कडेवर पोर घेऊन उभी होती. तिनं पदर नाकाला लावला आणि नवऱ्याला म्हणाली, "किती वास मारते हो पेट्रोलचा. सांडलं का काय कुठं?"

प्रसेनजितनं तिच्याकडं पाहिलं. मग पलीकडं पाहिलं. एका म्हाताऱ्यानं उपरणं तोंडावर घेतलं होतं. दोन कॉलेजची पोरं नाकाशी हात हलवत हसत होती. आजूबाजूच्या सगळ्यांना कळत होतं, फक्त त्याला कळत नव्हतं.

तो कठड्यावरून वाकून ओरडला, "रेणुका! बंद कर! खाली घे गाडी!" पण इंजिनाच्या आवाजात काय ऐकू येणार? एक-दोघांनी त्याला मागं ओढलं, "ओ भाऊ, पडसान." तो गर्दीतून वाट काढत शिडीकडं धावला. शिडीच्या तोंडाशी पोचला तेव्हा मागं लोक एकदम ओरडले.

टाकीखालून निळसर जाळ निघाला होता. भिंतीवर आडवी फिरणारी गाडी, टाकीतलं पेट्रोल एका अंगाला दाबलं गेलेलं, आणि खाली तापलेला सायलेन्सर. आधी जाळ लहान होता, मग तिच्या मांडीवर, पोटावर चढला. आणि वर लोक टाळ्या वाजवत होते. शिट्ट्या मारत होते. त्यांना वाटलं हा खेळच आहे.

भिंतीवरून उडी मारता येत नाही. गाडी सोडली तर ती अंगावर येते. रेणुकानं पेटलेल्या अंगानं फेऱ्या घेत घेत, वेग हळूहळू कमी करत गाडी खाली आणली. तळाला टेकली आणि मग पडली. तिची किंकाळी ऐकू आली तेव्हा कुठं टाळ्या थांबल्या.

प्रसेनजित खालच्या फळीच्या दारातून आत घुसला. अंगातला शर्ट काढून त्यानं तिच्यावर टाकला, तळाची माती ओंजळीनं ओतली. गजेंद्रच्या माणसांनी पोती आणली. आग विझली. तिचे डोळे उघडे होते. दात वाजत होते.

बुलडाण्याला मोठ्या दवाखान्यात नेईपर्यंत तिचं डोकं त्याच्या मांडीवर होतं. पोलीस आले तेव्हा गजेंद्रनं सांगितलं की मचाणावरून कोणीतरी पेटती बिडी टाकली. तसंच लिहिलं गेलं. प्रसेनजित तिथंच भिंतीशी उभा होता. तो काही बोलला नाही. जत्रा संपली तसा गजेंद्रचा डेरा उठला. जाण्याआधी तो एकदा येऊन रेणुकाच्या उशाशी तिच्या कपड्यांची पिशवी ठेवून गेला. परत आला नाही.

मंजुश्री दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात आली आणि राहिली. रेणुकाचं दुसरं कोणी नव्हतं. पट्ट्या बदलताना तिचा हात मंजुश्री धरायची. प्रसेनजित रोज मोटरसायकलवर डबा घेऊन यायचा आणि व्हरांड्यात बसायचा. एका दुपारी मंजुश्री बाहेर आली, त्याच्या शेजारी बाकावर बसली. मग ती पुढं बघतच म्हणाली, "तुमाले वास येत नव्हता, कबूल. पण ऐकू तर येत होतं ना?"

तो रडायला लागला. तिनं त्याला थांबवलं नाही, हातही लावला नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "मीच ती टाकी उचलून रस्त्यावर आपटाले पायजे होती. मी घरात गेली. तुमी जा म्हणले आन् मी गेली." आणि ती उठून आत गेली.

रेणुकाला बोलता यायला लागलं तेव्हा त्यानं तिला सगळं सांगितलं. आपल्याला वास येत नाही, मंजुश्री वास येतो म्हणत होती, आपण ऐकलं नाही. खाटेजवळ उभं राहून, मान खाली घालून. रेणुकानं शेवटपर्यंत ऐकलं.

"मलेही येत होता वास," ती म्हणाली. आवाज बसलेला होता. "सकाळच्या खेळापासून. गजेंद्रभाऊले सांगितलं तर ते म्हणे, कुव्यात पेट्रोलचाच वास असते, अत्तराचा नसते. मी बसली गाडीवर." ती थांबली, श्वास घेतला. "मिस्त्री, याच्यात थोडा गजेंद्रभाऊचा हिस्सा आहे, थोडा माहा. पण तुमचाबी आहे. तुमचा मी माफ नाही करत."

"नको करू," तो म्हणाला.

त्यानंतर तो पोलीस ठाण्यात गेला. खरं काय ते लिहून घ्या म्हणाला. ठाण्यातल्या हवालदारानं त्याला बसवलं, पाणी दिलं. "अपघात म्हणून झालं ते प्रकरण. तिची तक्रार नाही, कोणाचीच नाही. तू काऊन गळ्यात घेऊन राह्यला? बायको आहे, म्हातारी माय आहे. जा घरी." तो परत एकदा गेला. तेव्हा हवालदार चिडला. तिसऱ्यांदा तो गेला नाही.

दवाखान्यातून सोडायची वेळ आली तेव्हा प्रश्न पडला की रेणुका कुठं जाणार. मंजुश्रीनं नवऱ्याला विचारलं नाही, सासूला विचारलं. तानाबाई म्हणाली, "विचारून काय राह्यली? लेकरू रस्त्यावर टाकता का? आन घरी."

रेणुका जानेफळला आली. तिचा उजवा पाय गुडघ्यात आखडला होता, पूर्ण सरळ होत नव्हता. हाताची दोन बोटं एकमेकांना चिकटून भरली होती. पोटावरची कातडी ताणली की ती कण्हायची. तानाबाई रोज सकाळी अंगणात उन्हात तिला बसवून खोबरेल लावायची आणि गुडघा हळूहळू दाबायची. गावात कुजबुज झाली. मिस्त्रीनं जत्रेतली बाई घरात आणून ठेवली, आणि बायकोही कशी मुकाट्यानं नांदवते. बाया पाण्यावर मंजुश्रीला टोमणे मारायच्या. ती घागर भरून निघून यायची. खरं सांगावं तर नवऱ्याचं नाव निघतं, म्हणून तिनं तेही ऐकून घेतलं.

प्रसेनजितनं दुकान बंद केलं. तारेवरच्या टाक्या उतरवल्या, ज्याच्या त्याला फोन करून न्यायला सांगितलं. कोणी विचारलं तर म्हणायचा, "मले वास येत नाही. मी हे काम कराले नको होतं." पुष्कळांनी त्याला येड्यात काढलं. औषधाचे डबे त्यानं दुकानातच कुलपात ठेवले, ते तसेच आत गोठून गेले. उन्हाळ्यात तो पाण्याचा टँकर चालवायला लागला, एरवी लोकांच्या शेतात मजुरी. रेणुकासमोर तो सहसा यायचा नाही. सकाळी लवकर निघायचा, अंधार पडताना यायचा, ओसरीच्या टोकाला जेवायचा. ती अंगणात काठी टेकत चालायची, त्या काठीचा आवाज त्याला जेवताना ऐकू यायचा.

एकदा उन्हाळ्यात तिचा पाय फार सुजला, ताप आला. मंजुश्री माहेरी गेलेली. काय करावं ते तानाबाईला सुधरेना. प्रसेनजितनं रेणुकाला उचलून रिक्षात घातलं आणि मेहकरला नेलं. डॉक्टरनं जखमेला घाण वास येतोय, पू झालाय म्हणून सांगितलं. वाटेत सारा वेळ ती त्याच्या शेजारी बसली होती आणि त्याला कळलं नव्हतं. त्या रात्रीपासून तो तानाबाईला रोज विचारायचा, "मा, पाहून घे तिची जखम. वास येते का सांग." विचारायचा आणि उत्तर मिळेपर्यंत जेवायला बसायचा नाही.

हिवाळा परत आला. एक दिवस रेणुकानं मंजुश्रीला सांगितलं की तिला जायचं आहे. अमरावतीकडच्या एका दुसऱ्या कुव्यावाल्याशी तिचं फोनवर बोलणं झालं होतं. तिकिटाच्या खिडकीत बसायचं काम.

"परत कुव्यातच जाणार तू?" मंजुश्री संतापली. "त्याहीनं जाळलं तुले, आन् परत त्याहीच्याच दारात?"

"मले दुसरं काय येते, ताई? माही मायबी तिथंच बसत होती."

"इथं राहा. मी काही म्हटलं का तुले कधी?"

"तुमी नाही म्हटलं. म्हणून तर इतके दिवस राहू शकली." तिनं काठी भिंतीला टेकवली. "पण रोज सकाळी त्या माणसाचं तोंड पाहून माह्या दिवसाची सुरुवात होते. त्याचीबी माह्याच तोंडानं होते. कधीपर्यंत?"

मंजुश्रीनं रात्री तिच्यासाठी दशम्या केल्या, ठेचा बांधून दिला.

मेहकरच्या स्टँडवर प्रसेनजित तिला सोडायला गेला. तिला गाडीच्या पायऱ्या चढता येईनात. त्यानं हात पुढं केला. तिनं तो धरला नाही, दांडा धरून, आखडलेला पाय ओढत स्वतःच चढली. खिडकीशी बसली. "पिशवी वर द्या," म्हणाली. त्यानं खिडकीतून पिशवी दिली. गाडी सुटेपर्यंत तो फलाटावर उभा राहिला. तिनं एकदाही बाहेर पाहिलं नाही. समोरच्या सीटवरच्या एका बाईच्या लेकराशी ती बोलत होती.

रेणुका अधूनमधून मंजुश्रीला फोन करते. फोन वाजला आणि तिचं नाव दिसलं की प्रसेनजित उठून अंगणात जातो. बोलणं संपल्यावर परत येतो. ती बरी आहे, पाय थंडीत दुखतो, डेरा अमुक गावी आहे, एवढं मंजुश्री त्याला सांगते. त्याच्याबद्दल रेणुकानं अजून काही विचारलेलं नाही.